खाजनातला न नळाचा

वहाब मुकादम आमच्या गावचा. जयगडच्या खाडीच्या काठाला आमची वस्ती, तिच्यात खालून तिसरं घर त्याचं. तसा चव्वेचाळीस वर्षांत सगळ्या सुट्ट्या मिळून तो गावात पाचेक वर्षं राहिला असेल. बाकीचा सगळा तो रुजैमचा. आता हे रुजैम कुठे म्हणाल, तर सौदीत. अबकैकहून रुळाला धरून दक्षिणेला निघालं की तासाभरावर. दोन्ही अंगांना वाळू, मधे खजुराची चार झाडं, एक मशीद, एक पेट्रोल पंप, आणि जिथे गाडी थांबत नाही असं एक स्टेशन.

आपल्याकडे आधी गाव असतं, मग कधीतरी रेल्वे येते, आणि आली तरी गावापासून दोन कोस लांबून जाते. रुजैमला उलटा कारभार. तिथे आधी रूळ आले. रूळ टाकणाऱ्यांचे तंबू पडले, तंबूंना भाकरी लागते म्हणून भट्टीवाला आला, भट्टीवाल्याला गिऱ्हाईक मिळालं म्हणून त्याच्या बाजूला दुकान आलं. वाळवंटात फिरणाऱ्या बदूंनी उंट हाकायचे सोडून स्टेशनात नोकऱ्या धरल्या. शाळा निघाली तर तिला घंटा नव्हती. मग वहाबने हातभर रूळ कापून दिला आणि तो दोरीला टांगला. ती घंटा पंचवीस वर्षं वाजली. पुढे लाइन सरळ केली, गाड्या वेगाने जायला लागल्या, थांबा गेला. स्टेशनाचं छप्पर गेलं, पाठोपाठ माणसं गेली. बकऱ्या तेवढ्या राहिल्या.

वहाब आला तेव्हा विशीचा होता. सोबत खाडीपट्ट्यातले अकरा जण. सगळे होडीवरचे, रूळ कुणी हात लावून पाहिलेला नाही. पण रूळ उचलायला काय लागतं? एका दमाने सगळ्यांनी जोर लावायचा. होडी किनाऱ्यावर ओढताना आम्ही जी हाळी देतो, तीच त्यांनी रुळाला दिली. वर्षभरात टोळीतले सुदानी आणि पठाण तीच हाळी कोकणी ठसक्यात द्यायला लागले. तीन वर्षांत वहाब टोळीचा मुकादम झाला. आडनाव मुकादम, काम मुकादमाचं. हजेरीच्या वहीत त्याचं नाव 'मुकादम, वहाब, मुकादम' असं लिहिलेलं असे. इजिप्तहून आलेल्या मिसरी कारकुनाला वाटे, याच्या देशात बढती झाली की नाव दोनदा लिहितात.

आता त्याचं वय चौसष्ट. रुळावरचं काम कधीच सुटलं. शेवटची दोन वर्षं तो पडक्या स्टेशनाची राखण करत होता. गावाच्या वारशाचं जतन करायला एक समिती निघाली होती. तिने स्टेशन पुन्हा उभं करायला घेतलं आणि ठेकेदाराने वहाबला तिथे ठेवला. जुने कंदील, पहारी, पाने, हातगाड्या, सगळं घासूनपुसून मांडायचं काम त्याचं. कुठलं हत्यार कशाचं हे सांगणारा दुसरा कुणी उरलाच नव्हता. उद्घाटन गुरुवारी होतं. त्यानंतरच्या शनिवारी वहाबचं शेवटचं विमान. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपत आला होता आणि खुरूज, म्हणजे कायमचं घरी जायचा शिक्का, त्याच्याच कागदांसाठी तो चार दिवस दम्मामला गेला होता.

मंगळवारी सकाळी तो परत आला, आणि या चार दिवसांत काय काय झालंय ते बघत स्टेशनाच्या मागे गेला.

मागच्या मोकळ्या जागेत खडी पसरून त्यावर पन्नास पावलांचा रूळ अंथरला होता. रुळाच्या टोकाला नवाकोरा फलक. आणि रस्त्यावर लांबलचक ट्रेलर, त्यावर साठ टनांचं जुनं डिझेल इंजिन, रंग देऊन नवरीसारखं नटवलेलं. त्याच्या पुढे दम्मामहून आलेली मोठी क्रेन. तिचं इंजिन घुरघुरत होतं.

वहाबला अरबी बोलता येई ते मजुराचं. पण अक्षरं लहानपणी मदरशात गिरवलेली, त्यामुळे वाचायला कुणी लागत नसे. फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, खज्जान. खाली बारीक मजकूर. लाइनीच्या १४०४ सालच्या वहीत या जागेचं नाव खज्जान, म्हणजे पाण्याची टाकी, असं आहे. पूर्वी इंजिनं इथे थांबून पाणी पीत.

वहाबला आधी हसू आलं. या लाइनीवर त्याने वाफेचं इंजिन कधी पाहिलंच नव्हतं. मग त्याने हिजरी सालाचा हिशोब इसवीत केला, आणि हसू जागच्या जागी राहिलं. चौऱ्याऐंशी साल. ते नाव त्या वहीत कुणी घातलं होतं ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो खाली वाकला. नव्या खडीच्या कडेला चार दिवसांत पांढरी मिशी फुटली होती. मीठ.

शर्विल केळकर म्हणून पुण्याचा इंजिनियर होता. राहायला रियाधला, या कामासाठी महिनाभर इथे. पोरगा कामाला चांगला, मोठ्यांना मान देणारा. फक्त घड्याळ मनगटापेक्षा मोठं. वहाब सरळ त्याच्याकडे गेला.

"शर्विलबाबा, क्रेन हितं नाय आनायची."

"चाचा, आलात? कागद झाले?" शर्विल नकाशातून मान वर न काढता म्हणाला. "क्रेन आजच्या दिवसापुरतीच आहे. दुपारच्या आत इंजिन रुळावर ठेवायचंय."

"ठेवा. पन हितं नको. हितं खाजन हाय."

"हो, तेच. खज्जान. म्हणूनच तर जागा बदलली. आधी आपण इंजिन तिकडे जुन्या भरावावर ठेवणार होतो. अरवा मॅडमना वहीत हे नाव सापडलं, मग समितीने ठरवलं की इंजिन टाकीच्याच जागी शोभेल. शिवाय जुन्या टाकीचा पाया असणार खाली, म्हणजे जमीन पक्की."

वहाबने डोक्यावरचा रुमाल काढला, झटकला, पुन्हा बांधला.

"डिझेलचां इंजिन पानी कनाला पील? रोजा सुटला व्हता त्याचा?"

शर्विल हसला. पण हसून नकाशाकडे वळला.

"अरे बाबा, टाकी नाय. खाजन. खा-जन. तुमच्यात काय बोलतात त्याला?"

"कशाला?"

आता इथे खरी अडचण. शर्विल मराठी, वहाब मराठी, पण पुण्याला खाडी नाही. ज्या गावाला भरती-ओहोटी नाही त्याला खाजण काय कळणार? आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. खाडीच्या कडेची खारट जमीन. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल, आणि उन्हाळ्यात वर असा कडक पापुद्रा धरतो की बघणाऱ्याला अंगण वाटावं. घाटावरचा पाहुणा आला की बेधडक त्यावर चालायला जातो आणि मांडीपर्यंत आत उतरतो. आम्ही आधी पोटभर हसतो, मग त्याला काढतो. पाहुणा साठ किलोचा असतो म्हणून हसता येतं.

वहाबने हे सगळं सांगितलं. शर्विलने ऐकूनही घेतलं. मग म्हणाला, "चाचा, इथून समुद्र साठ किलोमीटरवर आहे. खाडी कुठून येणार? आणि आम्ही माती तपासलीय."

"कुठली?"

"भरावाची."

"तां भराव आमीच घातलाय. त्याला काय व्हतंय? तठंच ठेवा की मंग."

शर्विलने नकाशाची घडी घातली. चूक त्याला दिसली होती, पण दिसलेली चूक मान्य करायला वेळ लागतो आणि वेळ त्याच्याकडे नव्हता. "वरून ट्रक गेले चाचा, खडी टाकायला. एकही रुतला नाही," तो म्हणाला आणि क्रेनवाल्याला हात केला. "यल्ला, शारीकभाई."

शारीक लखनौकडचा. बावीस चाकांची ती क्रेन तो बैलगाडीसारखी हाकायचा. त्याने गिअर टाकला.

वहाब स्टेशनात गेला. शर्विलला वाटलं, म्हातारा रुसला. तो बाहेर आला तो एका हातात प्लास्टिकची खुर्ची, दुसऱ्या हातात चहाचा थर्मास. खडी जिथे सुरू होते तिथे बरोबर मधोमध त्याने खुर्ची मांडली आणि क्रेनकडे तोंड करून बसला.

क्रेन थांबली. शारीकने खिडकीतून डोकं काढलं. "चाचा, सवारी चाहिए क्या?"

"बेटा, चाय पी ले पहले. नीचे दलदल है."

शारीकने चाकांखाली पाहिलं, मग शर्विलकडे, आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. क्रेन चालवणाऱ्या माणसाला दलदल हा शब्द दोनदा सांगावा लागत नाही.

शर्विल तरातरा आला. आवाज चढलेला नव्हता, पण कान लाल झाले होते. "चाचा, उठा. हे बरोबर नाही. सगळ्या कामगारांसमोर तुम्ही काम अडवताय. मला हे वर कळवावं लागेल. मग तुमचा शनिवारपर्यंतही मुक्काम राहायचा नाही, आजच खुरूज लावतील. चव्वेचाळीस वर्षं केलीत, आणि शेवट असा करून जाणार?"

"लावू दे. बॅग बांदलेलीच हाय," वहाब म्हणाला आणि झाकणात चहा ओतला. "तुमी चुकलाव तर त्यो पोरगा क्रेनसकट आत जानार. मी चुकलू तर चार दीस आदी घरी जानार. मना सांगा, कोनाचां जास्त जातां?"

 शर्विलने फोन काढला आणि अरवाला बोलावलं.

अरवा समितीची. तिशीच्या आतली, रुजैमचीच. आजोबा इथे सिग्नल पाडायचे. परदेशात शिकून आली आणि घरोघरी फिरून जुन्या चिजा गोळा करत बसली. फलक तिनेच लिहिलेला. ती गाडीतून उतरली, खुर्चीतला वहाब पाहिला, आणि ओठ आवळून हसू दाबलं.

"काय झालं, अम्म वहाब?" तिच्याकडे काकाला अम्म म्हणतात.

वहाब उठला. बाईमाणसासमोर बसून बोलायची त्याला सवय नव्हती. आपल्या मोडक्या अरबीत त्याने सांगायला घेतलं, आणि ते असं.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात इथे तीन दिवस पाऊस पडला. चौथ्या दिवशी याच ठिकाणी रूळ वीतभर खचला. तेव्हा लाइन इथून जायची. टोळीने जॅक लावून रूळ उचलायला घेतला. जॅक वरून पक्क्या दिसणाऱ्या जमिनीवर ठेवला होता. तो अर्धवट वर गेला आणि खालची जमीन शेवयांसारखी बाजूला सरली. जॅक आडवा, रूळ खाली, आणि रुळाखाली हसन सारंगाचा डावा पाय. हसन आमच्याच वाडीतला. तो पाय घोट्यापासून गेला. त्यानंतर इथल्या एक मैलाची लाइन उचलून पलीकडे भराव घालून नेली. जुनी जागा बुजवली. चाळीस वर्षांत तिच्यावर वाळू बसली.

"मग नाव?" अरवाने विचारलं.

"कारकून आला अपघात लिहायला. म्हणाला, जागेचं नाव काय? जागेला नाव नव्हतं. मला तुमच्या भाषेतला शब्द ठाऊक नव्हता, तेवीस वर्षांचा होतो. हसनचं रक्त माझ्या हातावर. मी आमच्या गावचा शब्द सांगितला. खाजन. त्याने कानाला ऐकू आलं ते लिहिलं."

अरवा फलकाकडे बघत राहिली. "आणि तुमच्या गावात खाजन म्हणजे?"

"सबखा," वहाब म्हणाला.

सौदीतल्या माणसाला सबखा समजावून द्यावा लागत नाही. तिथल्या वाळवंटात खारवट पाणी जमिनीच्या पोटात राहतं आणि वर मिठाचा पापुद्रा धरतो. उंटांचे अख्खे कळप त्यात गेल्याच्या गोष्टी आज्ज्या सांगतात. त्याला समुद्र जवळ लागत नाही. अरवाने पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर ती स्वतः दोन पावलं मागे सरली.

"पण ते कशावरून?" शर्विल म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या शब्दावर साठ टनांचा निर्णय कोण करील?

"पहार आना," वहाब म्हणाला.

त्याने घासून मांडलेल्यांतलीच एक पहार आणवली. सहा फुटी, टोक झिजून बोथट झालेली. टोळीत तिला 'कान' म्हणत. जमिनीला कान लावायचा म्हणजे पहार छातीइतकी उचलायची, सरळ सोडायची आणि ऐकायचं. वहाबने ती शर्विलच्या हातात दिली.

"मी? तुम्हीच करा ना."

"मी केलां तर बोलाल, म्हाताऱ्यानं हात मारला. तुमीच सोडा."

शर्विलने खडी बाजूला सारून पहार सोडली. ठण्ण. आवाज असा आला की कामगारांतल्या दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शर्विलच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

"पक्की आहे, चाचा."

"तो पापुद्रा. सोडा पुन्ना. त्याच भोकात."

दुसऱ्यांदा ठण्ण. तिसऱ्यांदाही. चौथ्या-पाचव्याला शर्विलला घाम आला. वहाब हात मागे बांधून उभा, जसा काही पाहुण्याला अंगणातली फुलझाडं दाखवतोय. शारीक क्रेनवरून उतरून जवळ आला होता. सहाव्याला आवाज जरा बसला. सातवा, आठवा, नुसतंच ठक्. नवव्याला डब्ब.

"आता ऐकलांव?"

शर्विलने दहाव्यांदा पहार उचलली आणि सोडली. आवाजच आला नाही. पहार त्याच्या हातातून निसटून खाली गेली, आणि थांबली तेव्हा वर हातभर उरली होती. मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती आपणहून आणखी चार बोटं उतरली. सावकाश, कुणी खालून हात धरून नेल्यासारखी.

 शारीकने मागे वळून आपल्या क्रेनच्या चाकांकडे पाहिलं. खडीपासून ती सहा पावलांवर होती.

पहार उपटायला तिघे लागले. हाळी वहाबने दिली, आणि बाहेर येताना तिने ओल्या चिखलाचा असा चुंबल्यासारखा आवाज केला की एरवी पोरं हसली असती. टोकाला राखाडी गाळ. वहाबने बोटावर घेऊन जिभेला लावला आणि पहार शर्विलपुढे धरली.

"चाखा."

"चाचा, नको."

"चाखा की. माती तपासायची ना तुमाला?"

शर्विलने अरवाकडे पाहिलं. तिने नजर दुसरीकडे वळवली, म्हणजे सुटका नव्हती. त्याने करंगळी लावली, जिभेला टेकवली आणि तोंड कडूझार केलं.

"खारट."

"शाबास. आता तुमी अर्दे कोकनी झालाव."

क्रेन मागे घेतली. दुपारभर माणसं लावून रूळ उचलले आणि जुन्या भरावावर नेऊन मांडले. तिथे शर्विलने न सांगता स्वतः पहार सोडली, एकाच ठिकाणी वीस वेळा. विसाव्यालाही ठण्ण. दिवस कलतानाच्या, अस्राच्या नमाजानंतर इंजिन उचललं. साठ टनांचं धूड हवेत एकदाच किंचित फिरलं, मग रुळावर टेकलं. भरावाने हूं की चूं केलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी तो हसन सोडून उरलेल्या अकराजणांनी टोपलीटोपलीने ठोकून बसवला होता. त्यांतले सातजण आता मातीत आहेत, तीनजण गावी. वहाबने भरावाच्या कडेला दोन लाथा मारून पाहिल्या, आणि बकऱ्यांना हाकलायला गेला.

वर कळवायचं होतं ते शर्विलने संध्याकाळी कळवलं. माती चुकीच्या जागची तपासली होती, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. एवढं मात्र त्याचं मानायला पाहिजे.

बुधवारी सकाळी अरवा नवा फलक लिहायला बसली. टाकी खोडली. या जागी सबखा आहे, इथे चालू नये, असं आधी. मग वहीतलं नाव, ते कुणी दिलं, कुठल्या भाषेतून आलं, आणि हसन सारंगचा पाय. वहाबने स्वतःचं नाव काढायला लावलं आणि बाराच्या बारा जणांची घालायला लावली. अरवा म्हणाली, मूळ शब्द तुमच्या लिपीतही असू दे. तिने कागद शर्विलपुढे सरकवला. शर्विलने सुरेख अक्षरात लिहिलं, खाजण.

वहाबने चष्मा लावून पाहिलं.

"ह्यां काय? बानातला ण कनाला?"

"चाचा, शुद्ध तसंच आहे. मी काल रात्री शब्दकोशात बघितलं."

"शुद्द तुमच्या पुण्यात. हितं जो बोलला त्यो आमच्या वाडीतला व्हता. त्यानं नळातला न काडला तोंडातना."

"पण उद्या कुणी मराठी माणूस येऊन वाचेल, तर म्हणेल शुद्धलेखन चुकलं."

"म्हनू दे. त्याला सांगा, चिखलात पाय घाल नि मंग बोल."

शर्विलने खोडलं. न काढला. वहाबने तो नीट तपासला, उभी रेघ सरळ आहे ना बघितलं, आणि मान हलवली.

गुरुवारी उद्घाटन झालं. भाषणं झाली, खजूर वाटले. वहाबला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. ती तीच प्लास्टिकची, कुणीतरी मुद्दाम. कार्यक्रमानंतर त्याने फलकाचा फोटो काढून गावी बायकोला पाठवला आणि लगेच फोन लावला.

अमिरुन्निसा शाळेत चार यत्ता शिकलेली, पण वाचते नीट. फोटो मोठा करकरून तिने एकेक नाव वाचलं. हसनचं वाचलं तेव्हा म्हणाली, त्याला आत्ताच जाऊन दाखवते, दुकानावर बसला असेल. मग फोनवर तिचं बारीक हसू ऐकू आलं.

"काय गं?"

"काय नाय. चव्वेचाळीस वर्सां तकडं काडलांव, नि नाव दिलांव तां चिखलाला. दुसरां काय सुचलां नाय?"

"दुसरां काय बगितलेलां व्हतां मी तवा?" वहाब म्हणाला. "आनि ऐक. शनवारी येतू. खाजनाकडचा दगडी गडगा ढासळलाय बोललीस ना, त्याला गडी लावू नको. माजां मी बगतू."